चाक, चढ आणि गुणोत्तर
सायकलीपासून विजेवर आणलेल्या जुन्या गाडीपर्यंत



स्मृतिव्याख्यानाला मराठीचा निवृत्त प्राध्यापक बोलावला की तो संतवाङ्मयावर किंवा कादंबरीवर बोलणार, असा आपला समज असतो आणि तो रास्तही असतो. मी मात्र आज विषय निवडला आहे तो दातेरी चाकांचा. जुनी पेट्रोलची किंवा डिझेलची गाडी विजेवर चालवायची झाली, तर तिच्या गिअरचे गुणोत्तर किती असावे, हा तो प्रश्न. हा विषय अनगोळात मांडण्याचे कारण उघड आहे. आपल्या शेजारच्या उद्यमबागेत भट्ट्या आहेत, लेथ आहेत, दाते पाडणारी यंत्रे आहेत. या शाळेच्या अनेक माजी विद्यार्थ्यांचे संसार त्या यंत्रांवर उभे राहिले. १९७९ साली स्थापन झालेले गोगटे तंत्रनिकेतन महाविद्यालयही तिथेच आहे. विजेच्या गाड्या आल्या म्हणजे या हातांना काम उरणार की नाही, ही चिंता आज घरोघरी बोलली जाते. तिचे उत्तर भविष्यकथनात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधावे, असे मला वाटते.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘गुणोत्तर’ हा शब्द आपल्याला शाळेतल्या गणिताने दिला. गुणोत्तर श्रेढीत प्रत्येक पुढचे पद मागच्या पदाला एकाच संख्येने गुणून मिळते. ‘उत्तर’ म्हणजे येथे जबाब नव्हे, तर पुढचे, नंतरचे. दातेरी चाकांची जोडी हेच करते. मागच्या चाकाची गती ती एका ठरलेल्या संख्येने गुणते किंवा भागते आणि पुढच्या चाकाच्या हवाली करते. गती गुणली की जोर तितक्याच पटीने घटतो, आणि गती भागली की जोर वाढतो. फुकट काहीच मिळत नाही. हा एक नियम ध्यानात ठेवला की पुढचे सारे विवेचन सोपे होते.

सायकलीचे दुकान

बेळगावच्या उद्योगांचा इतिहास सांगताना आपण लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव घेतो. ते १८६९ साली याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ते शिक्षक होते. १८८८ साली बेळगावात बंधूंच्या साहाय्याने सायकलीचे दुकान निघाले, आणि पुढे मुंबईची नोकरी सोडून लक्ष्मणराव येथे आले. हा साल साधा नाही. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल १८८५ साली आली होती, आणि १८८८ सालीच डनलॉप यांनी हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले. म्हणजे आधुनिक सायकल आणि बेळगावचे हे दुकान जवळजवळ समवयस्क होत.

रोव्हरच्या आधीची सायकल चित्रांत आपण पाहिली आहे. पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे चिमुकले. ते चाक इतके मोठे का? कारण पायटे थेट चाकाच्या आसावर बसवलेले असत. पायट्याचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाक ५४ इंचांचे असले, तर एका फेऱ्यात गाडी सुमारे ४.३ मीटर जाई. अधिक वेग हवा तर अधिक उंच चाक हवे, आणि चाकाची उंची शेवटी स्वाराच्या पायाच्या लांबीवर अडे. साखळी आली आणि हे बंधन सुटले. २८ इंची चाकाच्या सायकलीला पुढे ४८ दात्यांचे आणि मागे १८ दात्यांचे चाक बसवले, तर पायट्याच्या एका फेऱ्यात मागचे चाक २.६७ फेरे घेते आणि सायकल जवळजवळ ६ मीटर पुढे जाते. मागे १८ ऐवजी २२ दाते घातले, तर अंतर ५ मीटरांच्या आत येते, पण चढावर पाय हलके पडतात. दुधाच्या घागरी लावून जाणाऱ्याला कोणते चाक द्यावे आणि सपाटीवर कचेरीत जाणाऱ्याला कोणते, हा निर्णय सायकलीचा जाणता दुकानदार गिऱ्हाईक पाहून घेतो. माझ्या मते हाच आपल्या विषयाचा पहिला धडा. गुणोत्तर ठरवताना यंत्राच्या बरोबरीने वाट, ओझे आणि माणूस यांचाही विचार करावा लागतो.

किर्लोस्कर बंधू सायकलींवर थांबले नाहीत. कडबा कापण्याचे यंत्र त्यांनी केले. अशा यंत्रात कडबा आत ओढणारे रूळ आणि पात्यांचे चाक यांच्या गतींचे प्रमाण दातेरी चाके ठरवतात, आणि त्या प्रमाणावर तुकडा लांब पडतो की आखूड हे अवलंबून असते. त्यानंतर लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे आरंभी तो खपेना, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पुढे नगरविस्तारामुळे बेळगावची जागा सोडावी लागली, आणि १९१० साली औंधच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच घराण्यातील किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी १९४६ साली बंगळूरला निघाली आणि विजेच्या मोटरी करू लागली. सायकलीच्या दातेरी चाकापासून विजेच्या मोटरीपर्यंतचा हा प्रवास एकाच घराण्याने साठ वर्षांच्या आत केला, आणि त्याचा आरंभ आपल्या गावात झाला.

चरख्याची दोन चाके

बेळगावचा आणखी एक संदर्भ येथे उपयोगी पडतो. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, आणि सभासदत्वासाठी सूत देण्याची अट त्यात मान्य झाली. चरख्याचे राजकारण आपण पुष्कळ वाचले. त्याचे यंत्रशास्त्रही तितकेच मनोवेधक आहे. चोवीस इंचांचे चाक आणि चातीवरची कप्पी अर्ध्या इंचाची धरली, तर चाकाच्या एका फेऱ्यात चाती ४८ फेरे घेते. मात्र एवढे मोठे चाक प्रवासात नेणे अवघड. पुढे पेटीत मावणारा ‘यरवडा चरखा’ आला, त्यात एकाऐवजी दोन लहान चाके होती. एका टप्प्यात सातपट आणि दुसऱ्यात सातपट गती वाढवली, तर सात साते एकोणपन्नास, म्हणजे काम तेच आणि जागा थोडी. आजच्या विजेच्या गाडीतही मोटर आणि चाक यांच्यामध्ये बहुधा अशीच दोन टप्प्यांची रचना असते. फरक इतकाच की चरखा गती वाढवतो आणि गाडी ती घटवते.

घाटातली वीज

विजेच्या मोटरीला गुणोत्तर लागते की नाही, हा प्रश्न महाराष्ट्राने रेल्वेत फार पूर्वी सोडवला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली आगगाडी धावली, आणि पाच वर्षांच्या अवधीत वीज पुण्यापर्यंत पोहोचली. १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. वाटेत बोरघाट. त्याचा चढ ३७ फुटांस एक फूट. लोखंडी रुळावर लोखंडी चाक चालवायचे म्हटले की हा चढ भयंकर ठरतो. त्या काळच्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने एकाच विजेवर चालणारी दोन प्रकारची एंजिने घेतली. एक जड मालगाड्यांसाठी, सावकाश पण चिवटपणे ओढणारे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या हलत्या दांड्यांमुळे लोक त्याला ‘खेकडा’ म्हणत. दुसरे वेगवान प्रवासी गाड्यांसाठी. वीज दोघांना तीच होती. वेगळी होती ती कामाची अपेक्षा.

अलीकडचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. चित्तरंजनच्या कारखान्यात होणारे डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचे एंजिन घ्या. त्याच्याच धर्तीवर गिअर बदलून डब्ल्यूएपी-७ हे प्रवासी गाडीचे एंजिन तयार केले गेले. पहिल्यात ७७ दात्यांचे चाक १५ दात्यांच्या चाकाशी जुळते, म्हणजे मोटरीचे ५.१३ फेरे झाले की गाडीच्या चाकाचा एक फेरा होतो. दुसऱ्यात ७२ आणि २०, म्हणजे ३.६ फेरे. पहिल्याची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर, दुसऱ्याची १४०. काही दाते इकडचे तिकडे झाले आणि मालगाडी ओढणाऱ्या जातीचे एंजिन राजधानी गाडीला जुंपता आले. गुणोत्तराचे सामर्थ्य यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

एंजिनाला पेटी का लागली?

आता रस्त्यावर येऊ. १८९१ च्या सुमारास फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासोर यांच्या गाडीत पुढे एंजिन, मग क्लच, मग गिअरपेटी आणि मागच्या चाकांना जोर, अशी मांडणी रूढ झाली. ती शंभर वर्षे टिकली, कारण पेट्रोलच्या एंजिनाचा स्वभावच तसा आहे. ते थांबलेल्या स्थितीत जोर देऊ शकत नाही. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली आले की बंद पडते, आणि त्याचा खरा जोर मधल्या गतीत असतो. म्हणून गाडी उभी असता एंजिन फिरते ठेवायला क्लच हवा, आणि चढ, सपाटी व वेग यांप्रमाणे बदलायला चार-पाच गुणोत्तरे हवीत.

विजेच्या मोटरीचा स्वभाव उलट आहे. विहिरीवरची मोटर आपण बटण दाबताच फिरताना पाहतो. गाडीतली मोटर शून्य गतीला पूर्ण जोर देते आणि मिनिटाला कित्येक हजार फेरे घेऊ शकते. उलटे जायचे तर ती उलटी फिरते. म्हणून १८९९ साली कामीय जेनात्सी यांनी विजेच्या गाडीतून ताशी शंभर किलोमीटरची सीमा ओलांडली, तेव्हा मोटरी थेट आसाला जोडलेल्या होत्या. आजही बहुतेक कंपन्या एकच ठरीव गुणोत्तर ठेवतात. निस्सान लीफ या गाडीत ते ७.९४ होते. टेस्ला कंपनीने २००८ च्या आपल्या पहिल्या गाडीसाठी दोन गिअरांची पेटी योजली होती, पण ती टिकेना म्हणून एकच गुणोत्तर पत्करले. पोर्शे कंपनीने २०१९ साली टायकान या गाडीच्या मागच्या आसाला पुन्हा दोन गिअर दिले. पेटीचा वाद अजून मिटलेला नाही, हे यावरून दिसते. मात्र पेटी गेली तरी गुणोत्तर जात नाही, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

जुनी गाडी, नवी मोटर

नवी गाडी आखणारा अभियंता मोटर, चाक आणि गुणोत्तर एकत्र ठरवतो. जुन्या गाडीचे रूपांतर करणाऱ्यापुढे मात्र गिअरपेटी आधीच हजर असते. एंजिन काढले की त्याच्यापुढे तीन मार्ग राहतात. मूळ पेटी व क्लच ठेवून मध्ये जोडपट्टी टाकून मोटर बसवावी. किंवा क्लच काढून पेटी एखाद्या गिअरवर कायम ठेवावी. किंवा पेटीच काढून एका गुणोत्तराचा नवा संच बसवावा.

थोडा हिशेब मांडतो. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत. समजा, माणसांसह ९०० किलोग्रॅमची लहान गाडी आहे आणि तिचे चाक असे की ताशी ६० किलोमीटरला ते मिनिटाला ६०० फेरे घेते. पेटीच्या दुसऱ्या गिअरचे एकूण गुणोत्तर ९ आणि तिसऱ्याचे ५.६ धरू. मोटरीची कमाल गती मिनिटाला ६००० फेरे. आता गाडी दहास एक अशा चढावर ताशी ३० किलोमीटरने चालली आहे. चढासाठी ९० किलोग्रॅमची ओढ लागते, चाकांच्या घर्षणासाठी आणखी सुमारे १४, म्हणजे १०४. लागणारी शक्ती सुमारे साडेआठ किलोवॅट, मग गिअर कोणताही असो. पण मोटरीवर पडणारा पीळ गिअरप्रमाणे बदलतो. दाते घासण्यात दहावा हिस्सा जातो असे धरले, तर दुसऱ्या गिअरमध्ये तो ३.४ किलोग्रॅम-मीटर येतो, तिसऱ्यात ५.५. पीळ जितका, तितका मोटरीतला विद्युत्प्रवाह, आणि तारांच्या वेटोळ्यांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे तोच चढ, तोच वेग, तीच गाडी, पण तिसऱ्या गिअरमध्ये मोटर अडीचपटीहून अधिक तापते.

तर मग दुसराच गिअर कायम का ठेवू नये? कारण त्यात ताशी ६६ किलोमीटरच्या पुढे मोटर आपली मर्यादा ओलांडते. महामार्गावर ते परवडत नाही. मधला मार्ग म्हणून एकूण ७.५ चे गुणोत्तर घेतले, तर ताशी ८० पर्यंत जाता येते आणि चढावरची उष्णता दुसऱ्या गिअरच्या सुमारे दीडपट राहते. गावात फिरणाऱ्याला ९ उत्तम, धारवाडच्या महामार्गावर रोज जाणाऱ्याला ५.६ ते ७.५, आणि आठवड्याला चोर्ला घाट उतरून पणजीला जाणाऱ्याने दोन्ही गिअर हाताशी ठेवावेत. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे. परतीच्या वाटेवर एवढी उंची गाठण्यासाठीच आपल्या या गाडीला १.८ युनिट वीज लागेल, घर्षण वेगळे. ही वीज कोणतेही गुणोत्तर वाचवू शकत नाही. मोटर मात्र वाचवू शकते.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. लहान गाडीची पेटी तिच्या एंजिनाच्या बेताच्या पिळासाठी घडवलेली असते. मोटर शून्य गतीलाच त्याच्या दीडपट-दुप्पट पीळ देऊ लागली आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये असली, तर दाते किंवा आस तुटण्याचा धोका असतो. शिवाय जुन्या पद्धतीची सिरीज मोटर ओझ्याविना फिरू दिली, तर तिची गती अनावर वाढून ती फुटू शकते. क्लच ठेवणाऱ्याने हे विसरता कामा नये.

दाते किती पाडावेत यातही एक जुने शहाणपण आहे. ६० आणि २० दात्यांची जोडी घेतली, तर लहान चाकाचा प्रत्येक दात मोठ्या चाकाच्या त्याच तीन दातांना आयुष्यभर भेटतो, आणि एकातला दोष त्या तिघांना झिजवतो. ६१ आणि २० घेतले, तर प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो आणि झीज सर्वांत वाटली जाते. एका दाताचा हा फरक कागदावर नगण्य दिसतो. ज्याने दाते पाडले आहेत, त्याला त्याची किंमत कळते.

हिशेब कोणी करायचा?

आज अशा रूपांतराला कायद्याची चौकट आहे. एआयएस-१२३ या मानकानुसार संचाची चाचणी व्हावी लागते, आणि १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ‘एआरएआय’ ही वाहनसंशोधन संस्था अशा चाचण्या करते. मंजूर संच अधिकृत ठिकाणी बसवून घ्यावा आणि नोंदणीपुस्तकात इंधनाचा बदल नोंदवून घ्यावा, अशी रीत आहे. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यानंतर २०२१ साली तेथील सरकारने हा मार्ग खुला केला. चौकट आवश्यक आहे, कारण चुकीच्या जोडणीने माणसे दगावू शकतात. परंतु तिचा एक परिणाम असा की गुणोत्तराचा निर्णय गाडी चालवणाऱ्यापासून दूर, संच करणाऱ्याच्या मेजावर जातो. त्या मेजावर आपला घाट, आपला पाऊस आणि आपले ओझे नसले, तर संच कायदेशीर असूनही आपल्या उपयोगाचा नसेल. म्हणून संच घेणाऱ्याने किंमत आणि एका भारणीत किती किलोमीटर, एवढेच विचारून थांबू नये. एकूण गुणोत्तर किती, मोटर सलग किती पीळ सोसते आणि घाटात किती वेळ, हेही विचारावे. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेली गाडी घाटाच्या मध्यावर तापून उभी राहिली, तर दोष विजेचा धरला जातो. तो पुष्कळदा गुणोत्तराचा असतो.

आणि उद्यमबागेचे काय? पिस्टन, लायनर आणि धुराडी यांचे काम विजेच्या गाडीत उरणार नाही, हे मान्य केले पाहिजे. लोकांना गोड बोलून फसवण्यात अर्थ नाही. पण ओतीव कवच, जोडपट्टी, आस, दातेरी चाक आणि त्यांची अचूक बैठक ही कामे उरतात. मोटर मिनिटाला हजारो फेरे घेत असल्याने ती पूर्वीपेक्षा अधिक अचूक करावी लागतात. एंजिनाच्या आवाजात दातांची कुरकुर लपत असे. विजेच्या गाडीत ती थेट कानाला लागते. ज्या गावाने सायकल दुरुस्त करता करता कडबा कापण्याचे यंत्र केले, त्याला हे अशक्य नाही. अट एकच. हात जितका तयार, तितका हिशेबही तयार हवा.

म्हणून शाळेला माझी एक सूचना आहे, आणि तिला खर्च नाही. आठवीच्या वर्गाने गुणोत्तराचा धडा मैदानावर शिकावा. मुलांनी आपापल्या सायकलीचे पुढचे-मागचे दाते मोजावेत, चाकाचा परीघ दोरीने मोजावा, एका फेऱ्यात सायकल किती जाईल याचा हिशेब वहीत मांडावा आणि मग जमिनीवर खडूने खूण करून तो पडताळून पाहावा. मागून उद्यमबागेतल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याने येऊन त्यांना सांगावे की याच हिशेबावर गाडी घाट चढते. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांची पिढी पुस्तकातला शब्द आणि बाहेरची वस्तू यांची गाठ घालून देण्यालाच शिकवणे मानीत असे. त्यांच्या स्मृतीला याहून उचित वंदन मला सुचत नाही.